‘साँग स्पॅरो’ला चिमणी म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात साँग स्पॅरो, सॉल्टमार्श स्पॅरो, व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो असे पाच-सहा स्पॅरो आहेत. गाणारी चिमणी, खाजणातली चिमणी, पांढऱ्या गळ्याची चिमणी असं सरळ करून टाकलं तर चालेल ना? की चिमणी हे एकाच पक्ष्याचं नाव आहे?’

माझ्या मते चालू नये. शब्दकोशात स्पॅरोसमोर चिमणी असं छापलेलं असतं हे खरं, पण या दोन शब्दांची मापं वेगळी आहेत.

मराठीत चिमणी म्हटलं की एकच पक्षी डोळ्यांपुढे येतो. वळचणीला काड्या कोंबणारा, आरशातल्या स्वतःशी भांडणारा, आणि नर असेल तर गळ्याखाली काळा डाग मिरवणारा. चिमणी हे त्याचं नाव आहे, रंगरूपाचं वर्णन नव्हे. इंग्रजीतला स्पॅरो मात्र सैल आहे. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिथे तपकिरी, रेघारेघांचे, जाड चोचीचे छोटे पक्षी दिसले आणि त्यांनी गावाकडचं ओळखीचं नाव त्यांना चिकटवून टाकलं. पक्षी निराळ्या कुळातले निघाले. त्यांच्या कुळाला आता पॅसरेलिडी म्हणतात आणि त्यांचं जवळचं नातं बंटिंगशी, म्हणजे आपल्या भारीटांशी आहे.

फरक कुठे दिसतो? एक तर चोचीच्या आत. चिमणीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या जिभेत एक जादा हाड असतं. दाणा सोलताना जीभ ताठ राहायला त्याची मदत होते. अमेरिकी स्पॅरोंना ते नाही. दुसरा फरक बाहेरून दिसतो. यांतले बरेच पक्षी पाचोळ्यात चरताना दोन्ही पायांनी एकदम मागे उडी मारतात, पाला उडवतात आणि खाली काय निघालं ते टिपतात. आपली चिमणी असं उकरत बसत नाही.

आणि राहणी तर विचारूच नका. सॉल्टमार्श स्पॅरो अटलांटिक किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या दलदलीत, गवतात जमिनीपासून वीतभर उंचीवर घरटं करते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते बुडतं. एका मोठ्या उधाणापासून पुढच्या मोठ्या उधाणापर्यंतच्या चारेक आठवड्यांत अंडी उबवून पिल्लं बाहेर काढायची, नाहीतर सगळं पाण्यात. तुमचं ‘खाजणातली’ हे विशेषण मला फार आवडलं, अडचण फक्त पुढच्या ‘चिमणी’ची आहे. व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो विणीसाठी कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलात असतो, तर साँग स्पॅरो पाणथळीच्या कडेच्या झुडपांत. माणसाच्या घराशी यांतल्या कुणाचंच विशेष देणंघेणं नाही.

मग खऱ्या चिमण्या किती? पॅसर या प्रजातीत २८च्या आसपास जाती धरतात. आपली ती पॅसर डोमेस्टिकस, अक्षरशः घरची. मूळची युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली, पण माणसाने नेली तिथे गेली आणि आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत आहे. हिचीच एक उपजात, बॅक्ट्रिआनस, मध्य आशियात माणसांपासून दूर राहते आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे स्थलांतर करते. २०१८मध्ये या दोघींच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यांच्या वाटा सुमारे ११,००० वर्षांपूर्वी, शेती सुरू होण्याच्या सुमारास वेगळ्या झाल्या, असा त्यातला अंदाज. घरच्या चिमणीत जे बदल ठळक दिसले त्यांत कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय पदार्थ पचवण्याशी संबंधित जनुकं होती. थोडक्यात, ती आपल्या धान्यावर पोसली गेली आणि तशी घडलीही.

बाकीच्या बहिणी जागा पाहून राहतात. डेझर्ट स्पॅरो सहारातली, वाळूच्याच रंगाची. सॅक्सॉल स्पॅरो मध्य आशियाच्या वाळवंटात, सॅक्सॉल झुडपांच्या आधाराने. डेड सी स्पॅरो पाण्याजवळच्या झावाच्या झाडांत काड्यांचा भलामोठा घुमट रचते. सिंध स्पॅरो सिंधूच्या खोऱ्यात, रसेट स्पॅरो हिमालयात आणि पूर्व आशियात, केप स्पॅरो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. स्पॅनिश स्पॅरो कित्येकदा करकोच्याच्या अवाढव्य घरट्याच्या तळाशी, काड्यांच्या फटींत भाडेकरू म्हणून राहते. ही आणि घरची चिमणी यांच्या संकरातून इटलीतली चिमणी झाली: नराची तपकिरी टोपी स्पॅनिश, बाकी अंग बरंचसं घरचं. या सगळ्यांना बेलाशक चिमणी म्हणा. आपल्या रानातली पिवळ्या गळ्याची रानचिमणी पॅसर नसली तरी कुळ तेच, तिलाही हरकत नाही. सलीम अलींना लहानपणी पक्ष्यांच्या वाटेला लावणारी ती हीच.

अनुवादकाला खरी मजा ट्री स्पॅरोपाशी येते. डोक्यावर तपकिरी टोपी, पांढऱ्या गालावर काळा ठिपका, नर-मादी दिसायला सारखे. युरोपात हा पक्षी शेतांच्या कडेने, झाडांच्या ढोलींत राहतो, म्हणून तिथे ‘झाडचिमणी’ शोभतं. पण चीन-जपानच्या बऱ्याचशा भागात घरची चिमणी नाहीच, आणि कौलांखालची तिची जागा यानेच घेतली आहे. जपानीतला ‘सुझुमे’ तो हाच. चीनमध्ये १९५८च्या मोहिमेत उंदीर, माश्या आणि डासांबरोबर ज्याला उपद्रवी ठरवून मारलं, तोही हाच. (१९६०मध्ये यादीतून चिमणी गेली आणि तिच्या जागी ढेकूण आला.) तेव्हा जपानी गोष्टीत सुझुमे आला तर नुसतं ‘चिमणी’ लिहावं. जात वेगळी असली तरी त्या घरात तिचं स्थान तेच आहे.

उलट ‘जावा स्पॅरो’ पाहा. गुलाबी चोचीचा, पिंजऱ्यात पाळला जाणारा हा पक्षी मुनियांपैकी आहे, त्याला जावा मुनिया म्हणणंच बरं. इंग्रजांनी स्वतःसुद्धा अशी चूक सुधारली आहे. त्यांच्या कुंपणातल्या ‘हेज स्पॅरो’ला आता ते बहुधा डनक म्हणतात.

एक जोडप्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अनुवादात हमखास घात करतो. हिंदी ‘चिड़िया’ म्हणजे चिमणी नव्हे, कुठलाही छोटा पक्षी. चिमणीला हिंदीत गौरैया. ‘सोने की चिड़िया’चं ‘सोन्याची चिमणी’ केलेलं वाचलं की मला खडा लागल्यासारखं होतं. आणि आपल्या ‘चिमणी पाखरं’मध्येही चिमणी हा पक्षी नाही. ते चिमणा, चिमणी, चिमणं या विशेषणाचं नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, अर्थ इवलीशी. पटत नसेल तर विभक्ती लावून पाहा: ‘चिमण्या पाखरांना’ होतं, ‘चिमणी पाखरांना’ होत नाही. धुराड्याची आणि रॉकेलच्या दिव्याची चिमणी तर इंग्रजीतून आलेली पाहुणी, तिचं मूळ भट्टी या अर्थाच्या ग्रीक शब्दात.

आता तुमच्या लेखाचं. पहिल्यांदा नाव येईल तिथे ‘साँग स्पॅरो हा भारीटांच्या नात्यातला अमेरिकी पक्षी’ एवढं सांगून टाका आणि पुढे साँग स्पॅरोच ठेवा. मराठी नाव हवंच असेल तर गायक भारीट, खाजण भारीट, पांढरगळ्या भारीट. शेवटचं जरा बोजड झालंय, तिथे ‘श्वेतकंठी’ चालेल.