सोलापुरात छोटा धंदा वाढून माणसं कामाला कधी लावतो?

भाव पाडून नाही, एवढं नक्की. आपल्या चादरीचंच बघा. जीआय मानांकन (माल त्या गावचाच, अशी सरकारी ओळख) आहे, तरी बाहेरची स्वस्त नक्कल ‘सोलापुरी’ म्हणून खपते. भावात तिच्याशी भिडलात की आधी मजुरी कापली जाते.

उलट आमच्या गल्लीतली कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, मंद आचेवर पार वाळवलेली. एका मावशींनी चुलीवर सुरू केलं. पुण्याच्या दुकानांतून मागणी आली तशा थापायला चौघी आल्या, मग पॅकिंगला दोघी, पार्सलला एक पोरगा. माल टिकतो, म्हणून लांब जातो.

अडतं ते उधारीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, कराच. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने, लेखी करारात मुदत जास्त असली तरी, माल घेणाऱ्याला ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मागायला जीभ रेटत नाही, ते वेगळं!