चर्चेची वेळ आधी ठरवा

महाविद्यालयात ‘उंबरठा’ दाखवण्याचा तुमचा विचार पटला. १९८२ सालचा, जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट दोन तासांहून मोठा असल्याने तो दुपारी दोनलाच सुरू करावा, कारण चर्चा संध्याकाळी सहावर गेली की वसतिगृहातील मुली हजेरीसाठी उठून जातात आणि ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्यावाचूनच बोलणे रंगते. आम्ही असा कार्यक्रम केला, तेव्हा पहिल्या वर्षी नेमके हेच घडले. प्रास्ताविक पाच मिनिटांत आटोपावे. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महिला सुधारगृहातील नोकरीसाठी घर सोडते, तेव्हा ‘मुलीला टाकून कशी गेली?’ हा प्रश्न हमखास येतो. तो दडपू नये, मात्र नोकरीनिमित्त परगावी राहणाऱ्या बापाला तो कोणी विचारतो का, एवढेच शांतपणे विचारावे. नवऱ्याच्या वागण्यावरच चर्चा अडकू न देता ती सुधारगृहातील बायका आणि तिथली समिती यांच्याकडे वळवावी. पितृसत्ता कचेरीतही कशी नांदते, ते तिथे दिसते. माइक आधी मागच्या रांगेत न्यावा (पुढच्या रांगेतील वक्त्यांना आमंत्रण लागत नाही) आणि कोऱ्या चिठ्ठ्या सुरुवातीलाच वाटाव्यात. आमच्याकडे बसच्या तिकिटाएवढ्या एका निनावी चिठ्ठीवर लिहिले होते, ‘आईला हा चित्रपट दाखवायचा आहे, पण बाबा घरी नसताना.’