शिकवायला लागले म्हणजे खेळ संपतो का?

प्रश्न : माझी धाकटी बहीण राज्य पातळीवर बुद्धिबळ खेळत असे. आता ती नाशिकरोडला लहान मुलांचे वर्ग घेते. ‘शिकवायला लागली, म्हणजे तिचा खेळ संपला,’ असे घरातील वडीलधारे म्हणतात. सोव्हिएत संघात अनेक स्त्रिया खेळाडू पुढे प्रशिक्षक झाल्या, असे ऐकले आहे. त्यांपैकी एखादीची माहिती द्यावी.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना लुदमिला बेलावेनेत्स यांच्याविषयी अवश्य सांगा. त्यांचा जन्म 1940 मध्ये मॉस्कोत झाला. वडील सर्गेई हेही नावाजलेले बुद्धिबळपटू; पण 1942 मध्ये ते युद्धात मारले गेले, तेव्हा लुदमिला दोन वर्षांच्याही नव्हत्या. 1975 मध्ये, पस्तिशीत, त्या सोव्हिएत महिला विजेत्या झाल्या आणि 1977 मध्ये त्यांना महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळाला. मुलांच्या प्रशिक्षक म्हणून त्यांचे मोठे नाव झाले आणि दूरचित्रवाणीवरूनही त्यांनी बुद्धिबळ शिकवले.

मात्र त्यांचे सर्वांत मोठे यश याच्याही नंतरचे आहे. टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाची चौथी महिला जागतिक स्पर्धा 1984 मध्ये सुरू झाली आणि 1992 पर्यंत चालली. सोव्हिएत संघ विसर्जित झाला तरी डाव चालूच होते. ही स्पर्धा बेलावेनेत्स यांनी जिंकली. या प्रकारात भाषेची अडचण येऊ नये म्हणून पटाच्या प्रत्येक घराला दोन आकडे दिलेले असतात. राजासमोरचे पांढरे प्यादे दोन घरे पुढे सरकवायचे असेल, तर पोस्टकार्डावर फक्त 5254 एवढेच लिहावे लागते. एकेका खेळीवर दिवसचे दिवस विचार करण्याची ही सवय शिकवणाऱ्या माणसाच्या अंगी आधीच मुरलेली असते, कारण मुलाने ‘ही खेळी का नको?’ असे विचारले की प्रशिक्षकाला डाव मुळापासून तपासावाच लागतो.

आज टपाली बुद्धिबळात संगणकाची मदत घेण्याची मुभा आहे, त्यामुळे तोच मार्ग मी आपल्या बहिणीला सुचवणार नाही. पण तिने पटावरच्या स्पर्धा सोडू नयेत, वर्गांच्या वेळापत्रकात वर्षातील एखाददुसऱ्या स्पर्धेसाठी जागा राखावी, असे मला मनापासून वाटते. 1956 च्या विश्वविजेत्या ओल्गा रुब्त्सोवा यांची कन्या येलेना फतालिबेकोवा यांनी ज्येष्ठ महिलांच्या गटातील आपले पहिले जागतिक विजेतेपद 2000 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर मिळवले आहे.