भाडं दुकानाचं, रिटर्न दोघांचं

प्रश्न: ताई, मी फोंड्याला राहतो आणि वेर्ण्याला एका औषध कंपनीत नोकरी करतो. वर्षाचा पगार ११,१५,०००. वडिलांच्या पश्चात बाजारातलं एक दुकान माझ्याकडे आलं, त्याचं भाडं महिन्याला ३०,००० येतं. एफडीचं व्याज वर्षाला ५५,०००. बायको घर सांभाळते. आमचं लग्न गोव्यातच रजिस्टर झालंय, लग्नाआधी कसलाही करार केलेला नाही. पुण्याचा मेव्हणा सांगतो, एफडी बायकोच्या नावे बक्षीस कर, टॅक्स वाचेल. करू का?

उत्तर: करू नका. मेव्हण्याचा सल्ला पुण्यातही उपयोगाचा नाही. नवऱ्याने बायकोला पैसे बक्षीस दिले तर त्यावरचं व्याज कायदा पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो. आणि तुम्हाला गोव्यात बक्षीसपत्राची गरजच नाही. तुमच्या भाड्यातला आणि व्याजातला अर्धा हिस्सा लग्नाच्या दिवसापासून बायकोचाच आहे.

आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणून तर सब-रजिस्ट्रारकडे जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतात. आयकर कायद्यात यासाठी कलम ५अ आहे. १९९४ च्या फायनान्स अ‍ॅक्टने ते घातलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू केलं. पगार ज्याचा त्याच्याच नावावर राहतो. घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज यांचे मात्र दोन समान भाग होतात आणि ते दोघांच्या रिटर्नमध्ये वेगवेगळे दाखवायचे असतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यातही ही तरतूद आहे.

आता तुमचा हिशेब, आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, नव्या करपद्धतीने. पगारातून ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन गेली की उरले १०,४०,०००. दुकानाचं भाडं ३,६०,०००. पालिकेची घरपट्टी तुम्ही लिहिलेली नाही, ती १०,००० भरली असं धरते. राहिले ३,५०,०००, त्यातून तीस टक्के सूट १,०५,०००, म्हणजे २,४५,०००. त्यात व्याजाचे ५५,००० मिळवले की बरोबर ३,००,०००.

हे सगळं तुमच्या एकट्याच्या रिटर्नमध्ये टाकलं तर उत्पन्न १३,४०,००० होतं आणि सेससकट (टॅक्सवर लागणारा उपकर) ८४,२४० रुपये टॅक्स बसतो. कायद्याप्रमाणे अर्धं केलं तर तुमच्याकडे ११,९०,००० आणि बायकोकडे १,५०,०००. तुम्ही १२ लाखांच्या आत, म्हणून रिबेटने टॅक्स शून्य. बायको ४ लाखांच्या आत, तिचाही शून्य. ही पळवाट नव्हे, कायद्याने सांगितलेली पद्धतच ही आहे.

काम नीट करायला मात्र हवं. एफडी तुमच्या पॅनवर आहे, म्हणून एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या उत्पन्नाच्या नोंदीत, ५५,००० पूर्ण तुमच्या नावावर दिसणार. तुम्ही रिटर्नमध्ये गुपचूप २७,५०० लिहिले तर आकडे जुळणार नाहीत आणि नोटीस येईल. फॉर्मच्या सुरुवातीलाच विचारलेलं असतं, पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का. तिथे 'होय' करा. मग शेड्यूल ५अ भरा: बायकोचं नाव, तिचा पॅन, प्रत्येक सदराखाली आलेली पूर्ण रक्कम आणि तिच्याकडे गेलेला अर्धा भाग. बँकेने व्याजावर कापलेला दहा टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या बाबतीत ५,५००, तोही वाटायचा, २,७५० प्रत्येकी. आयटीआर-१ हा सोपा फॉर्म इथे चालत नाही, दोघांनीही आयटीआर-२ भरायचा.

आणि बायकोचं रिटर्न खरोखर भरा. "तिला टॅक्सच नाही, मग कशाला?" हे मी म्हापशात माझ्या टेबलासमोर बसलेल्या पुरुषांकडून दर जुलैत ऐकते. माझ्या वडिलांचंही म्हापशात दुकान होतं. त्यांचे हिशेब बघणारे गृहस्थ सगळं उत्पन्न वडिलांच्याच नावावर दाखवायचे. वडील वर्षानुवर्षं जास्तीचा टॅक्स भरत राहिले, तो भाग वेगळाच. ते गेल्यावर दुकानाच्या दुरुस्तीसाठी आई कर्ज मागायला गेली. बँकेतल्या बाईने विचारलं, "तुमची गेल्या तीन वर्षांची रिटर्न्स?" आईने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून एकेक करून टेबलावर लावले. प्रत्येकावर नाव वडिलांचं. अर्ध्या दुकानाची ती लग्नापासून मालकीण होती आणि तिच्या नावाचा एकही कागद त्या पिशवीत नव्हता. मी तेव्हा बी.कॉम.ला होते, आईच्या शेजारी उभी. पुढे काय शिकायचं ते मी घरी परत येताना बसमध्येच ठरवलं.

तेव्हा तुमच्या बायकोचं बँक खातं तिच्या स्वतःच्या नावाचं असू द्या, त्याला पॅन जोडा आणि आयकराच्या पोर्टलवर ते आधी व्हॅलिडेट करा. तिच्या वाट्याचा रिफंड त्याच खात्यात येईल. रिटर्नची एक प्रत तिच्या हातात द्या. आणि ती एकदा तिच्यासोबत बसून वाचा.

प्रश्न: ताई, मी पेडण्याची. घरी दहावीच्या शिकवण्या घेते, खर्च वजा जाता वर्षाला २,४०,००० उरतात. नवरा सरकारी नोकरीत आहे. आमचा टॅक्सवाला म्हणतो, यातले अर्धे नवऱ्याच्या उत्पन्नात धरावे लागतील. पैसे माझ्या कष्टाचे, मग त्यांच्या नावावर का? माझ्याच नावावर ठेवले तर टॅक्स शून्य होतो.

उत्तर: बाय, तुझा टॅक्सवाला बरोबर सांगतो. तुझं वाईट वाटणंही मला कळतं. रात्री नऊपर्यंत मुलांच्या वह्या तपासतेस तू, तो नव्हे. पण शिकवणीचं उत्पन्न पगारात येत नाही, व्यवसायात येतं आणि व्यवसायाचं उत्पन्न दोघांत वाटलं जातं. तुझ्या नवऱ्याचा पगार स्टँडर्ड डिडक्शननंतर १२,८०,००० असेल तर तुझे १,२०,००० त्याच्या पंधरा टक्क्यांच्या टप्प्यात जातील. सेससकट १८,७२० रुपये जास्त भरावे लागतील. नुकसान आहे, ते मी लपवणार नाही.

तरी हे टाळायचा मार्ग शोधू नकोस. ५अ कलम फायद्याचं असेल त्या वर्षी लावायचं आणि तोट्याचं असेल त्या वर्षी सोडायचं, अशी मुभा कायद्यात नाही. दोघांच्या रिटर्नमध्ये एकमेकांचे पॅन असतात, एका वर्षी वाटणी दिसली आणि दुसऱ्या वर्षी गायब झाली तर ते लगेच नजरेत येतं. उद्या तुम्ही नवऱ्याच्या नावावरचा प्लॉट विकलात तर त्याच्या नफ्यातला अर्धा भाग याच कलमाने तुझ्याकडे येईल. त्या दिवशी ते कलम तुझ्या बाजूने उभं राहायला हवं. १८,७२० रुपये मात्र घरखर्चातून जाऊ दे, तुझ्या शिकवणीच्या डब्यातून नको. हे नवऱ्याला स्पष्ट सांग.

एक गोष्ट तुझ्या हातात आहे. खर्च नीट लिहून ठेव. फळा, खडू, झेरॉक्स, प्रश्नसंच, शिकवणीच्या खोलीचं वीजबिल. पेडण्याच्याच एका बाईंनी मला वर्षाच्या शेवटी आठवून आठवून खर्च सांगितला होता आणि त्यातला अर्धाअधिक सुटला होता. चाळीस पानी वही घे, रोजचा खर्च रोज लिही.

प्रश्न: मी डिचोलीचा निवृत्त शिक्षक. पेन्शन वर्षाला ७,२०,०००, एफडीचं व्याज १,८०,०००. पेन्शनही पत्नीबरोबर अर्धी वाटली जाते का? आणि टॅक्स बसत नसेल तर तिचं रिटर्न कशाला?

उत्तर: सर, पेन्शन वाटली जात नाही. आयकरात ती पगारच मानली जाते, त्यामुळे पूर्ण तुमच्याच नावावर राहील, ७५,००० ची वजावटही तुम्हालाच. व्याज मात्र ९०,००० तुमचं आणि ९०,००० बाईंचं. तुमचं उत्पन्न ७,३५,००० होतं, म्हणजे रिबेटमुळे टॅक्स नाही. पण सगळ्या एफडी एकाच बँकेत असतील तर ज्येष्ठ नागरिकांची १ लाखाची मर्यादा ओलांडल्यामुळे बँकेने १८,००० कापले असतील. त्यातले ९,००० बाईंचे आहेत आणि ते त्यांच्या रिटर्नशिवाय परत मिळणार नाहीत. येताना दोघांचेही पॅन, दोघांचीही पासबुकं आणि बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट घेऊन या. आणि बाईंनाही सोबत आणा.