मित्र पुण्याला, आपण कोल्हापुरात

निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या लागल्या, आणि यंदाची बरीच पत्रं मागे राहिलेल्यांकडून आली. चार घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं, कारण त्यात ठरवण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

प्रश्न : बारावी सायन्सला ५८ टक्के पडले, सीईटीत जमलं नाही. आमच्या कट्ट्यावरचे चौघं पुण्याला चाललेत. वडिलांची तब्येत बरी नसते, त्यामुळे मला कोल्हापूर सोडायचं नाही. उद्यमनगरात ओळखीच्या एकांचं सीएनसी शॉप (संगणकाने चालणाऱ्या मशीनचं वर्कशॉप) आहे, ते म्हणतात उद्यापासून ये. जाऊ, की आयटीआयला अर्ज करू?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : उद्यापासून नको, आठवड्याने येतो म्हणून सांग. त्या आठवड्यात दोन कामं कर: वर्षांचा हिशेब मांड आणि शॉप नीट बघून घे.

हिशेब असा. विज्ञान शाखेची बारावी पास असलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. उरतात दोन वर्षं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, तिथे तीन. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षं. पुण्याला गेलेल्यांना चार लागतील. फरक एका वर्षाचा, आणि त्यातला पहिला टप्पा तरी विद्यापीठ रस्त्यावरच्या शासकीय पॉलिटेक्निकमध्ये किंवा जवळपासच्या एखाद्या कॉलेजात, घरून डबा नेऊन होऊ शकतो. घरात 'पोरगं मागं पडलं' अशी कुरकुर सुरू असेल तर हा हिशेब कागदावर लिहून वडिलांपुढे ठेव. एक मेख मात्र आहे: बारावीवरून थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्यांचं पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग झालेलं नसतं आणि तिथेच बहुतेक जण अडकतात. प्रवेश घ्यायचाच असेल तर प्रोजेक्शन आणि सेक्शन हे दोन भाग आधीच हाताखालून घाल.

कळंब्याच्या शासकीय आयटीआयचं गणित वेगळं. टर्नर, मशिनिस्ट, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, तुझे बारावीचे ५८ टक्के तिथे ना आडवे येतात ना कामाला. दहावीवर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाचं दुसरं वर्ष मिळतं, पण तुला ते बारावीवरच मिळतंय. त्यामुळे डिप्लोमाला पोचण्यासाठी म्हणून आयटीआय करू नकोस. हात तयार करायचा असेल तर जरूर कर.

आता शॉप. आमचं मत विचारशील तर एक वर्ष काम करून मग डिप्लोमाला जाणं हा वाईट बेत नाही. घरी राहणाऱ्याला खोलीभाडं नसतं, मेस नसते, म्हणून त्याला पगारापेक्षा शिकायला काय मिळतंय हे बघून जागा निवडता येते. बाहेरगावी राहणाऱ्याला ती चैन परवडत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे दोन प्रकारचे सीएनसीवाले भेटतात. एक नुसता जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, लावतो आणि काढतो. दुसरा सेटिंग करतो, म्हणजे माप बरोबर येईल असं मशीन लावतो. पहिल्याचा पगार सुरुवातीला थोडा बरा असू शकतो, विशेषतः पीसरेटवर (नगावर पैसे), आणि त्या आमिषाने पोरं तीन-तीन वर्षं चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) जॉब घालत उभी राहतात. तिथून पुढे सरकणं अवघड होतं, कारण रोजचा आकडा पाडणाऱ्या ऑपरेटरला शिकवायला वेळ कुणालाच द्यायचा नसतो.

म्हणून शॉप बघायला गेलास की पगाराच्या आधी एवढं विचार. ऑफसेट (मापातली दुरुस्ती) कोण टाकतं? इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) कोण बदलतं? मशीनवर ड्रॉइंग लावलेलं असतं का, की 'एवढं माप आलं पाहिजे' असं तोंडी सांगतात? पहिला पीस कोण तपासतं, आणि लिहून ठेवतात का? ही सगळी कामं एकाच सेटरकडे असतील आणि मशीनं सहा-आठ, तर तिथे तुझी पाळी लवकर येणार नाही. दोन-तीन मशीनचं लहान शॉप असेल, मालक स्वतः सेटिंग करत असेल, तर ते शिकायला सोन्याचं.

शिकाऊ म्हणून रीतसर नोंद होते का तेही विचार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ घ्यावेच लागतात. ४ ते २९ असतील तर ते मालकाच्या इच्छेवर. म्हणून उद्यमनगरातल्या छोट्या शॉपमध्ये ही नोंद सहसा नसते, एमआयडीसीतल्या मोठ्या युनिटमध्ये मिळते. नोंद झाली तर दरमहा विद्यावेतन, शेवटी परीक्षा आणि केंद्र सरकारचं प्रमाणपत्र. तोंडी ठरलेल्या कामाला यातलं काहीच नाही. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कामगार म्हणून लागलास तर ईएसआयसी (कामगार विम्याचे पैसे) कापतात का ते बघ. चिप (कापलेल्या धातूचा कीस) ओढताना बोट कापलं तर तो विमा क्रमांक उपयोगी पडतो. चिप हाताने नाही, हुकने ओढायची, तीही स्पिंडल थांबल्यावर. फिरत्या मशीनपुढे हातमोजे घालायचे नाहीत. मोज्याचा धागा अडकला तर हात आत ओढला जातो.

पहिले तीन महिने माप घ्यायला शीक. १५० मिलिमीटरचा व्हर्निअर स्वतःचा घे, ०.०२ लघुत्तम मापाचा. मायक्रोमीटर शॉपचा वापर. नवख्याची ठरलेली चूक म्हणजे गरम जॉब मोजणं. ५० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब ३० अंशांनी तापलेला असेल तर तो साधारण ०.०१७ मिलिमीटरने मोठा भरतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक-उणे ०.०१ असेल तर तू गरम असताना पास केलेला पीस थंड झाल्यावर लहान भरणार. जॉब कूलंटच्या तापमानाला येऊ दे, पुसून घे, मग मोज.

पुढे स्पीड. इथल्या सेटर मंडळींना ३१८ हा आकडा तोंडपाठ असतो: कटिंग स्पीडला (मिनिटाला किती मीटर धातू धारेपुढून जातो) ३१८ ने गुणायचं आणि व्यासाने भागायचं. कार्बाइड इन्सर्ट, माइल्ड स्टील, मिनिटाला १५० मीटर धरलं, तर ५० मिलिमीटर व्यासाला ३१८ गुणिले १५० भागिले ५०, म्हणजे ९५४ आरपीएम. व्यास निम्मा झाला की आरपीएम दुप्पट.

कोल्हापुरात हातात येतं ते बहुतेक कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीत ओतलेला जॉब. त्याची वरची कातडी कडक असते, वर मोल्डिंगची वाळू चिकटलेली. इन्सर्ट वाचवायला म्हणून पहिला कट अर्ध्या मिलिमीटरचा घेतला तर धार त्या वाळूवरच घासत राहते आणि इन्सर्ट उलट लवकर जातो. पहिला कट कातडीच्या खाली उतरेल एवढा, दीड-दोन मिलिमीटरचा हवा. अर्थात कास्टिंगवर तेवढं मटेरियल ठेवलेलं असेल तर. कट मारल्यावर आत ब्लोहोल (ओतताना राहिलेली पोकळी) निघालं तर तो जॉब खडूची खूण करून वेगळा ठेव आणि लगेच दाखव. कास्टिंगचं रिजेक्शन फाउंड्रीच्या नावावर पडतं, मशीनिंगचं तुझ्या. ढिगात मिसळलं की सगळं तुझ्याच नावावर.

चौथ्या महिन्यापासून वेअर ऑफसेट (टूल झिजल्याने बदललेल्या मापाची दुरुस्ती) मागून घे. बाहेरचा व्यास ०.०४ ने जास्त आला तर उणे ०.०४ टाकायचं. घाईत अधिक टाकलं तर पुढचा पीस आणखी मोठा येतो. तो निदान पुन्हा कट मारून वाचतो. बोअरला (आतल्या भोकाला) चिन्ह उलटं: बोअर लहान आलं तर अधिक. तिथे आकड्यात चूक झाली आणि बोअर मोठं झालं की पीस भंगारात. मशीन व्यासात मोजतं की त्रिज्येत, हे आधी विचार, नाहीतर दुप्पट कट बसतो. प्रोग्रॅममध्ये हात घालायची पाळी येईल तेव्हा दशांशचिन्ह सांभाळ: काही कंट्रोलवर ५० पुढे टिंब दिलं नाही तर मशीन ते ५० मायक्रॉन धरतं आणि टूल सरळ चकवर जातं. नवा प्रोग्रॅम नेहमी सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत), रॅपिड (टूलची मोकळी धाव) कमी करून, एक हात फीड होल्डजवळ (टूल थांबवायच्या बटणाजवळ) ठेवून चालवायचा.

एक वही ठेव: जॉबचं नाव, मटेरियल, व्यास, आरपीएम, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग), इन्सर्टचा नंबर, काय बिघडलं. सहा महिने झाले आणि तरी कुणी ऑफसेटला हात लावू देत नसेल, तर ओळखीची भीड न धरता शॉप बदल.

प्रश्न : आईची खानावळ आहे, सकाळी ११ ते ३ मला हलता येत नाही. मैत्रिणी कॉलेजला गेल्या. मला एमपीएससी द्यायची आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? एका क्लासवाल्याने एका वर्षात बीए करून देतो असं सांगितलंय.
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : चालते. एका वर्षात पदवी देणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका. पदवी तीन किंवा चार वर्षांचीच असते, दूरशिक्षणातही.

तुमच्यापुढे जवळचे पर्याय दोन: नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, ज्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरातच आहे, आणि शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र. फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी मंजूर आहे का, ते बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव यादीत असून भागत नाही.

अर्जाआधी दोन क्रमांक काढावे लागतात: डिजिलॉकरवरून शैक्षणिक क्रेडिट बँकेचा आयडी आणि त्यावरून डीईबी, म्हणजे यूजीसीच्या त्याच दूरशिक्षण विभागाचा, आयडी. बऱ्याच जणी इथेच अडतात, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. आधार दुरुस्तीला दिवस लागतात. प्रवेशाची मुदत संपत आल्यावर हे लक्षात आलं तर वर्ष हातचं जातं, म्हणून आजच ताडून बघा.

अभ्यासाचं माप असं: दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. चार क्रेडिटचा विषय १२० तासांचा, २० आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला सहा तास. असे पाच विषय म्हणजे ३० तास. खानावळ सांभाळून हे जड आहे, पण इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घेतलंत तर त्यातले बरेच तास एमपीएससीच्या खात्यावरही जमा होतात. भाषाविषयाची आवड असली तरी तुमच्या परिस्थितीत आम्ही हेच विषय सुचवू. गृहपाठ सत्राच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. त्याचे गुण हातात असलेले गुण आहेत आणि ते सोडणारेच जास्त.

प्रश्न : मुलाचे सगळे मित्र बाहेर गेले. तो रात्रभर मोबाइलवर, दुपारी बाराला उठतो. पाहुणे आले आणि 'काय करतोस सध्या' विचारलं की ताडकन उठून जातो. काय करावं?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : पाहुण्यांपुढे त्याच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. त्याच्याशीच बसून एक वाक्य ठरवा, 'दसऱ्यापर्यंत ठरवतोय' एवढं पुरे, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच सांगावं. मग दसरा ही तारीख खरोखर पाळा. तोवर रोज विचारायचं नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास बोला: या आठवड्यात कोणती एक जागा बघितली, कुणाशी बोलला.

मोबाइल काढून घेतल्याने झोप परत येत नाही. उठण्याची वेळ बांधली की येते. सकाळी सातला घराबाहेरचं एक काम त्याच्याकडे सोपवा, दूध आणायचं किंवा आजोबांना रंकाळ्यावर फिरवून आणायचं. पहिला आठवडा कटकटीचा जाईल. तालमीत जात असेल तर उत्तम, तिथे बारावीचे टक्के कुणी विचारत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवण तुटलं, आवडत्या गोष्टींतही मन लागेना, किंवा 'मी नसलेलो बरा' असं बोलू लागला, तर दसऱ्याची वाट बघू नका. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीतही नेता येईल.

प्रश्न : एक वर्ष गॅप पडला तर पुढे प्रवेश नाकारतात का?
– एक वाचक, कागल

उत्तर : गॅप पडला म्हणून नाकारत नाहीत, कागद मागतात. गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, काम केलं असेल तर तारखांसह अनुभवपत्र घ्या. प्रवेश हुकतो तो दुसऱ्याच कागदांवरून. जात पडताळणीला महिनेन् महिने लागू शकतात, तिचा अर्ज याच वर्षी टाका. नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावर मुदत छापलेली असते आणि ती बहुधा ३१ मार्चला संपते; जूनमध्ये जुना दाखला घेऊन रांगेत उभं राहिलात तर खुल्या प्रवर्गात टाकतील. शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्याच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवा, मूळ प्रत प्रवेशाच्या वेळी कॉलेज ठेवून घेतं.