ताई, केवायसी करू की नको?

मागच्या अंकात बुडालेल्या कर्जवाल्या ॲप्सवर, म्हणजे आपले पैसे घेऊन पुढे कर्जाने देणाऱ्या ॲप्सवर, जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, तर ठाणे, नवी मुंबईकडून एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. अडकलेले पैसे परत देताना मागतात ती केवायसी, म्हणजे ओळखीची तपासणी, करावी की नाही, हाच बहुतेकांचा प्रश्न. पत्र पाठवणाऱ्यांची नावं आणि त्यांचे पैसे अडकलेत त्या कंपन्यांची नावं मी काढून टाकलीयेत, उगाच कुणाला नोटीस नको.

प्रश्न : ताई नमस्कार, मी ऐरोलीत राहतो, आयटीत आहे. २०२१ मध्ये ऑफिसातल्या पोरांच्या नादाने एका परदेशी ॲपवर क्रिप्टो ठेवलं, ते लोक पुढे कर्जाने देणार आणि आपल्याला व्याज मिळणार अशी स्कीम होती. २०२२ मध्ये एक दिवस अचानक पैसे काढणं बंद, मग कंपनीच दिवाळखोरीत. माझे पावणेदोन लाख अडकलेत. आता मेल आलाय की तुमचा क्लेम मंजूर आहे पण पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि सेल्फी द्या, तीस दिवसांत. बायको म्हणते एकदा गंडवलं ते पुरे नाही झालं का, आता पासपोर्टपण देऊन टाका. तिचं बरोबर आहे का?

उत्तर : वहिनींचं निम्मं बरोबर आहे, आणि तेच निम्मं जास्त महत्त्वाचं आहे, त्यावर येतेच. आधी हे समजून घ्या की कागद मागतंय कोण. ज्यांनी पैसे बुडवले ते मागत नाहीयेत. कंपनी दिवाळखोरीत गेली की कारभार कोर्टाच्या देखरेखीखाली जातो, उरलंसुरलं कुणाला किती वाटायचं याचा प्लॅन कोर्ट मंजूर करतं आणि वाटप करणाऱ्यांवर जबाबदारी असते की पैसा ज्याचा त्यालाच गेला पाहिजे. सेल्सियसचं उदाहरण घ्या. अमेरिकेतली मोठी क्रिप्टो कर्ज कंपनी, १२ जून २०२२ ला तिने पैसे काढणं बंद केलं, १३ जुलैला दिवाळखोरीचा अर्ज, नोव्हेंबर २०२३ मध्ये प्लॅन मंजूर आणि वाटप सुरू व्हायला २०२४ उजाडलं. संस्थापकाला मे २०२५ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली ती वेगळी. या दीड-दोन वर्षांत लोकांचे नंबर बदलतात, घरं बदलतात, काहीजण वैतागून आपला क्लेम दुसऱ्याला स्वस्तात विकूनही मोकळे होतात, आणि ज्यांच्यावर अमेरिकेचे निर्बंध आहेत अशांना पैसा गेला तर वाटणाराच अडकतो. म्हणून पासपोर्ट, म्हणून सेल्फी. आणि मुदत पाळाच, कारण मुदतीत केवायसी सुरूच केली नाही म्हणून क्लेम बाद, असंही झालंय. एफटीएक्स हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज होतं, कर्जवालं ॲप नव्हे, पण तिथे २०२५ मध्ये नेमकं हेच घडलं.

आता वहिनींचं निम्मं. मेल खरा आहे हे कशावरून ठरवलंत? बहुतेकजण सांगतात, त्यात माझं नाव आहे, रक्कमसुद्धा पैशापर्यंत बरोबर आहे, मग खोटा कसा असेल. अहो, ती माहिती बाहेर आहेच! सेल्सियसच्या केसमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टात जे हजारो पानांचं बाड दाखल झालं त्यात ग्राहकांची नावं आणि व्यवहार होते, कुणीही वाचावेत असे. आणि ब्लॉकफाय, जेनेसिस, एफटीएक्स या बुडालेल्या तीन क्रिप्टो कंपन्यांच्या क्लेमचं काम बघणाऱ्या क्रोल नावाच्या कंपनीत ऑगस्ट २०२३ मध्ये चोरी झाली, एका कर्मचाऱ्याचा मोबाईल नंबर चोरांनी स्वतःच्या सिमवर फिरवून घेतला आणि क्लेमवाल्यांचा डेटा नेला. म्हणजे तुमची रक्कम तुमच्याइतकीच चोरालाही पाठ आहे. तेव्हा मेलमधल्या लिंकला हात लावू नका. दिवाळखोरीच्या कागदांत क्लेम एजंटचं, म्हणजे क्लेमचं काम बघणाऱ्या क्रोलसारख्या कंपनीचं, नाव असतं, त्याची साईट स्वतः टाईप करून उघडा, तिथे आपला क्लेम नंबर टाका, आणि केवायसीची नोटीस तिथेही दिसत असेल तर तिथूनच पुढे जा.

आणखी एक. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की झेरॉक्सवर आडवं लिहायचं, "फक्त अमुक कामासाठी", सही, तारीख. बँकेत ठीक आहे, पण या केवायसीमध्ये फोटो मशीन वाचतं आणि पासपोर्टवर आडवी अक्षरं दिसली की बऱ्याचदा रिजेक्ट करतं. म्हणून खऱ्या पासपोर्टचा, चारही कोपरे दिसतील असा स्वच्छ फोटो त्या साईटवरच अपलोड करा, मेलने किंवा व्हॉट्सॲपवर कुणालाच नाही.

पावणेदोन लाखांचे पावणेदोन लाख येतील असं मात्र घरी सांगू नका. हिशोब बहुतेक वेळा दिवाळखोरीच्या अर्जाच्या दिवशीच्या डॉलर भावाने होतो. सेल्सियसच्या वेळी बिटकॉइन साधारण २० हजार डॉलरला धरला गेला आणि वाटप होताना बाजारात तो ४० हजारांच्या वर होता, लोकांनी किती शिव्या घातल्या असतील तुम्हीच बघा. त्यातही मिळतो तो काही हिस्साच.

प्रश्न : मी नौपाड्यात राहते, शिक्षिका आहे. अकाउंट लग्नाआधी माहेरच्या नावाने उघडलं होतं. आता आधार, पॅन, पासपोर्ट सगळं सासरच्या नावाने. केवायसी दोनदा फेल झाली, "नेम मिसमॅच". परत आधारवर माहेरचं नाव करून घेऊ का?

उत्तर : नको नको, थांबा! आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, लग्नानंतर एकदा वापरलंत, उरलेलं एक या कामासाठी घालवू नका.

हा प्रश्न आपल्याकडचा खास आहे आणि त्या मशीनला तो कधी कळणार नाही. आपलं नाव तीन मजली, स्वतःचं, वडलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. त्यांच्या फॉर्मला रकाने दोन. कुणी मधलं नाव पहिल्यात कोंबतं, कुणी गाळतं, कुणी आडनाव आधी लिहितं कारण शाळेच्या दाखल्यावर तसंच होतं. वर इंग्रजी स्पेलिंग! एका ताईंचं लक्ष्मी पॅनवर एक्स घालून आणि पासपोर्टवर के-एस-एच घालून, तीन महिने गेले त्यात.

तुमच्या केसमध्ये मशीनशी भांडून उपयोग नाही, माणसाच्या टेबलावर फाईल न्यायला हवी. क्लेम एजंटच्या सपोर्टला क्लेम नंबर घालून लिहा की नाव लग्नामुळे बदललंय, सोबत आताचा पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला आणि जुन्या नावाचा एखादा फोटोवाला कागद जोडा, जुना पासपोर्ट असेल तर सोन्याहून पिवळं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. नाव गॅझेटमध्ये छापून घेतलं असेल तर ते पानही. आणि तोपर्यंत तिसऱ्यांदा ट्राय करू नका, काही ठिकाणी ठराविक वेळा फेल झालं की खातंच लॉक होतं.

प्रश्न : वय ७१, वर्तकनगर. सेल्फी घेत नाही. मान डावीकडे, उजवीकडे सगळं केलं. मुलगा पुण्याला असतो.

उत्तर : काका, आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांची अशीच वरात निघाली होती. हॉलमध्ये ट्यूबलाईटखाली बसलेले, चष्म्याच्या दोन्ही काचांत ट्यूबलाईट पांढरी पट्टी होऊन चमकतेय, मागे भिंतीवर त्यांचाच एकसष्टीचा हार घातलेला फोटो, आणि मशीन बिचारं विचारतंय की यातला चेहरा कुठला. शेवटी सकाळी नऊच्या सुमारास गॅलरीत, चष्मा काढून, पाठीला कोरी भिंत ठेवून बसवलं, फोन नातीने हातात न धरता डब्याला टेकवून ठेवला, आणि मान सावकाश फिरवायला सांगितली, देवळात प्रदक्षिणा घालतो त्या चालीने. पहिल्याच फटक्यात झालं. पासपोर्टवरचा फोटो आठ-नऊ वर्षं जुना आणि मिशी तेव्हा होती, आता नाही, असं असेल तरी घाबरू नका, फेल झाल्यावर बऱ्याच ठिकाणी माणूस तपासतो. मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या चालेल, पण स्क्रीन शेअर करून ओटीपी दाखवू नका, मुलालासुद्धा, सवय वाईट.

प्रश्न : कळव्याहून लिहितोय. मोठा भाऊ २०२३ मध्ये गेला. त्याचे अशाच एका परदेशी ॲपवर साधारण चाळीस हजार आहेत. फोन आणि मेलचा पासवर्ड वहिनीकडे आहे. आम्ही त्याच्या नावाने केवायसी केली तर?

उत्तर : करू नका. हे कडक वाटेल पण गेलेल्या माणसाच्या नावाने सेल्फी म्हणजे तोतयेगिरी होते, आणि एकाने तर कॅमेऱ्यासमोर फोटो धरून बघितला, खातं फ्रीज झालं ते अजून तसंच आहे. भावाच्या खात्यातून मेल टाकण्याऐवजी वहिनींनी स्वतःच्या मेलवरून क्लेम एजंटला कळवावं, महापालिकेचा मृत्यू दाखला जोडावा आणि सरळ विचारावं की वारसासाठी तुम्हाला कुठले कागद चालतात. काही ठिकाणी शपथपत्रावर भागतं. काहींना वारसा प्रमाणपत्र लागतं, ते भारतीय वारसा कायदा, १९२५ खाली दिवाणी कोर्टातून निघतं, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे कोर्ट. परदेशात चालायला त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का लागू शकतो, परराष्ट्र मंत्रालय तो देतं, भारत २००५ पासून हे शिक्के मानणाऱ्या देशांच्या करारात आहे.

पण खरं सांगू, चाळीस हजारांपैकी हातात काही टक्केच येणार असतील तर फक्त एवढ्यासाठी वकील आणि कोर्ट फी लावू नका. बँक, शेअर यांसाठी वारसा प्रमाणपत्र काढणारच असाल तर त्याच अर्जात हाही क्लेम लिहून घ्या, वेगळी फेरी वाचेल.

प्रश्न : वाशीत छोटं दुकान आहे. माझे पैसे भारतातल्याच पीअर टू पीअर ॲपवर होते, रिझर्व्ह बँकेची नोंदणीवालं. आता काढता येत नाहीत आणि परत केवायसी मागतायत. हेही दिवाळखोरी आहे का?

उत्तर : नाही दादा, इथे गोष्ट वेगळी आहे. या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम ४ ऑक्टोबर २०१७ पासून आहेत आणि कंपनी फक्त मध्यस्थ, पैसा तुम्ही थेट कर्जदाराला दिलेला. त्याने बुडवला तर तुमचा बुडाला, कंपनीला हमी देताच येत नाही. "कधीही काढा" म्हणून जे विकत होते त्यावर १६ ऑगस्ट २०२४ ला रिझर्व्ह बँकेने चाप लावला आणि त्यानंतर बऱ्याच जणांना कळलं की आपण एफडी केलीच नव्हती. केवायसी ॲपच्या आतच करा, व्हिडिओवर असेल तर पॅन हाताशी ठेवा, आणि सोबत कर्जवार यादी मागा, कुणाला किती दिले, किती परत आले. ती यादी हा तुमचा खरा कागद. तक्रार अधिकाऱ्याने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण विभागाकडे लिहा.

प्रश्न : खारघर. टेलिग्रामवर "क्लेम रिकव्हरी" ग्रुप आहे, ते म्हणाले केवायसी आम्ही करून देतो, पैसे पंधरा दिवसांत. मी १२ हजार प्रोसेसिंग भरले. आता टॅक्स म्हणून आणखी २८ हजार मागतायत. भरून टाकू का, म्हणजे सुटेल?

उत्तर : एक रुपया भरू नका. खऱ्या वाटपात पैसे मिळण्याआधी आपल्याकडून पैसे घेत नाहीत, फी असेल ती रकमेतून वजा होते, आणि टॅक्स आपण भरतो तो सरकारला, टेलिग्रामवाल्याला नाही. १२ हजार गेले ते झोंबतंय म्हणून २८ देणं म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढायला दोर सोडून आपणच उडी मारण्यासारखं आहे.

आत्ता १९३० ला फोन लावा, राष्ट्रीय सायबर हेल्पलाईन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जायच्या आत अडवली जायची शक्यता जास्त. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घेऊन बँकेत जा. त्यांना पासपोर्ट किंवा आधार दिलं असेल तर आधारच्या अधिकृत ॲपवर बायोमेट्रिक लॉक करा, आणि क्लेम एजंटच्या खऱ्या साईटवर जाऊन बघा की तुमच्या क्लेमवरचा मेल किंवा पैसे कुठे पाठवायचे ते कुणी बदललं तर नाही ना, तिथेच खरा खेळ होतो. ग्रुपमधून बाहेर पडाल तेव्हा पडा पण आधी सगळ्या चॅटचे, त्यांच्या यूपीआय आयडीचे आणि त्या १२ हजारांच्या ट्रान्झॅक्शन नंबरचे स्क्रीनशॉट घ्या, कारण तुम्ही संशय घेतलाय हे कळलं की ते दोन्हीकडचं चॅट उडवून टाकतात.