प्राग पायी बघायचंय, पण आईचे गुडघे?

प्रश्न : मे महिन्यात आई-बाबांना घेऊन प्रागला जातोय. मुलगा म्हणतो, गाईडसोबतची अर्ध्या दिवसाची पायी सफर घ्या. आई रोज अंबाझरीला फिरते, पण चढ आला की गुडघे दुखतात. जमेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जमेल, नक्की न्या! फक्त सफर कुठून सुरू होते ते आधी विचारून घ्या. प्रागचा किल्ला टेकडीवर आहे. 22 नंबरच्या ट्रामनं वर जायचं आणि पायी नदीकडे उतरायचं, हेच आईंना सोयीचं. उतारावरही गुडघ्यांवर भार येतोच, म्हणून काठी असू द्या. रस्ते दगडी आहेत. चपला नकोत, जाड तळव्याचे बूट घाला.

व्ल्टावा नदीवरच्या चार्ल्स पुलावर मात्र घाई करू देऊ नका. 1357 साली बांधायला घेतलेला हा पूल पाचशे मीटरच्या थोडा वर आहे, वाहनं नाहीत, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 शिल्पं. संत जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखाली पितळी रंगाचे दोन तुकडे बघा. बाकी सगळं काळवंडलेलं, तेवढेच लोकांच्या हातांनी सोन्यासारखे लखलखीत झालेत. या संतांना 1393 मध्ये याच नदीत टाकलं होतं. आईंनाही हात लावू द्या, मला तिथून हलवत नव्हतं.

पुढे जुन्या चौकात 1410 चं खगोलीय घड्याळ. तासाच्या ठोक्याला सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य सरकतात. गर्दी फार असते, पर्स पुढे धरा.